आरशातली नंबरप्लेट

दसरा चौकात सिग्नलला थांबलो होतो. सवयीनं आरशात पाहिलं, तर मागच्या गाडीची नंबरप्लेट वाचता येईना. एमएच ०९ असणार हे अंदाजानं कळत होतं, कोल्हापुरात दुसरं काय असणार, पण पुढचे आकडे दुहेरी दिसत होते. चष्म्याचा नंबर वाढला वाटतं, असं मनात आलं. सिग्नल सुटला, गाडी हलली आणि आरशातलं सगळं एकदम स्वच्छ दिसायला लागलं. पुढे कावळा नाक्यावर थांबलो तर पुन्हा तेच. मग लक्षात आलं, डोळे ठीक आहेत, आरसाच थरथरतोय. स्टिअरिंगवर तळवा ठेवला तर मनगटापर्यंत मुंग्या आल्या.

मागच्या सीटवरून आई म्हणाली, "एवढी का रे हादरतीया? जुन्या एसटीत बसल्यागत वाटतंय. पायाखालनं येतंय बघ."

मी "हो, दाखवतो गॅरेजला" म्हणालो. तिचं शेवटचं वाक्य माझ्या कानावरून गेलं, डोक्यात शिरलं नाही.

गाडी २००७ ची वॅगन-आर. १०६१ सीसीचं चार सिलिंडरचं पेट्रोल इंजिन. वडिलांनी निवृत्तीनंतर घेतली, ते गेल्यावर माझ्याकडे आली. २०२२ च्या मे महिन्यात पंधरा वर्षं पुरी झाली, तेव्हा फेरनोंदणीची फी नुकतीच, १ एप्रिलपासून, ६०० वरून ५००० रुपये झालेली. तीही भरली. त्यामुळे "आता काढून टाका हो सर" हा सल्ला देणाऱ्यांना मी चहा पाजतो आणि विषय बदलतो.

गाडीची लक्षणं आधी सांगतो, कारण नंतर तीच उपयोगी पडली. थरथर फक्त गाडी उभी असताना, आयडलिंगला. थोडी रेस दिली की गायब. रस्त्यावर चाळीसला, साठला, ऐंशीला काही नाही. एसी लावला की वाढायची, आणि कधीकधी इंजिन एक गचका खाऊन बंद पडतंय की काय असं वाटायचं. अॅव्हरेज पूर्वीएवढंच. चढाला ताकद पूर्वीएवढीच. मीटरवर इंजिनचा पिवळा दिवा पेटलेला नाही.

ही यादी कागदावर लिहून दहा मिनिटं विचार केला असता तर अडीच महिने वाचले असते. मी कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवतो. एका वेळी दोन गोष्टी बदलणाऱ्या पोरांचे प्रात्यक्षिकात गुण कापतो. आणि स्वतः काय केलं? घराजवळच्या गॅरेजमध्ये गाडी नेली, तिथल्या मुलानं बोनेट उघडून दोन सेकंद ऐकलं आणि "मिसिंग मारतंय सर" असा निकाल दिला. चार प्लग, एअर फिल्टर, थ्रॉटल बॉडीची सफाई, सगळं एकाच दुपारी. चौदाशे पन्नास रुपये. आमच्याकडे मिसिंग म्हणजे एखाद्या सिलिंडरमध्ये स्फोट नीट न होणं. तो म्हणाला त्यात तथ्य असू शकत होतं. जुने प्लग काढून दाखवले तेव्हा ते चारही सारखेच, फिकट तपकिरी होते. एखादा सिलिंडर आजारी असता तर त्याचा प्लग काळा किंवा ओला निघायला हवा होता. हे मला दिसलं, मला कळलं, आणि मी गप्प बसून पैसे दिले.

एसी लावल्यावरचा गचका मात्र थांबला. थ्रॉटलवर कार्बन साचून हवेची वाट अरुंद झाली होती, ती मोकळी झाली. थरथर होती तिथंच राहिली.

दुसऱ्या फेरीत तोच मुलगा म्हणाला, "मग फाउंडेशन असणार." इंजिन ज्या रबरी आधारांवर बसलेलं असतं त्यांना आपल्याकडच्या कुठल्याही गॅरेजात फाउंडेशन म्हणतात. माझ्या गाडीला तीन आहेत: उजवं, डावं आणि मागचं. त्यानं मागचं काढून हातात दिलं. अठरा वर्षांत रबर बसकं होऊन चिरलं होतं आणि आतल्या लोखंडाचा बाहेरच्या लोखंडाला घासल्याचा चकचकीत डाग पडला होता. म्हणजे निदान बरोबर होतं. गडबड पुढे झाली. स्पेअरच्या दुकानात ओरिजनल एक तेराशेच्या आसपास, लोकल चारशे वीस. दुकानदार म्हणाला, "गाडी किती जुनी? मग कशाला ओरिजनल घालताय?" मी तीनही लोकल घेतली. तिन्ही कशाला, हे विचारलं नाही. दीड तासात बसली.

चावी फिरवली आणि माझ्या हातातलं स्टिअरिंग घरघंटीसारखं गुणगुणायला लागलं. पूर्वी मुंग्या होत्या, आता सरळ विजेची गिरणी. डॅशबोर्डवरची जोतिबाची मूर्तीसुद्धा टकटक वाजायला लागली.

"नवीन रबर आहे सर, बसेल. पाचशे किलोमीटर चालवा."

चालवली. दोनदा पन्हाळ्याला गेलो, एकदा निपाणीला, उरलेले गावातल्या गावात. रबर काही बसलं नाही. मीच एका रविवारी पार्किंगमध्ये गाडी चालू ठेवून बसलो.

तेव्हा पहिल्यांदा नीट प्रश्न पडला. इंजिन स्वतः कापतंय, की इंजिन ठणठणीत आहे आणि त्याची नेहमीची थरथर गाडीच्या अंगात शिरतेय? हे दोन वेगळे आजार आहेत. पहिल्यात प्लग, कॉइल, पेट्रोल फवारणारे इंजेक्टर, हवेची गळती, कॉम्प्रेशन बघायचं. दुसऱ्यात या कशालाही हात लावायचा नाही, इंजिन आणि बॉडी कुठे कुठे एकमेकांना चिकटलेत ते शोधायचं. मी पहिल्याचं औषध आधी घेतलं, मग दुसऱ्याचं, आणि दोन्ही वेळा न तपासता.

सगळ्यात स्वस्त चाचणी सायलेंसरपाशी झाली. भाजीच्या पिशवीतली जुनी पावती घेतली आणि पाइपच्या तोंडासमोर धरली. इंजिन नीट चालत असेल तर कागद एकसारखा बाहेर फडफडतो. सिलिंडर चुकत असेल तर मधेच लय तुटते, कधी कागद उलटा आत ओढला जातो. माझा कागद न थकता फडफडत राहिला. आवाजही एका लयीतला.

मग पीयूसीला गेलो. मुदत संपायला वेळ होता, तरी केली. पावतीवरचा हायड्रोकार्बनचा आकडा मी आजवर कधी वाचला नव्हता, आपण फक्त तारीख बघतो. भारत स्टेज चार या प्रदूषणाच्या मानकाआधीच्या, माझ्यासारख्या गाड्यांना आयडलिंगला कार्बन मोनॉक्साइड ०.५ टक्के आणि हायड्रोकार्बन ७५० पीपीएमपर्यंत चालतं. माझ्या गाडीचे आकडे ०.१४ आणि ९६ निघाले. एखाद्या सिलिंडरमधलं पेट्रोल न जळता बाहेर पडत असतं तर हा दुसरा आकडा चढला असता. सायलेंसरच्या वाटेतला, धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर थोडंफार झाकून घेतो, म्हणून एवढ्यावर विसंबलो नाही, पण बाजू कुठे झुकतेय ते दिसलं.

सहकारी प्राध्यापकानं त्याचा ब्लूटूथवाला छोटा स्कॅनर दिला. तो माझ्या गाडीशी बोलायलाच तयार नाही. आपल्याकडे ओबीडी, म्हणजे गाडीनं स्वतःचे बिघाड नोंदवून ठेवायची सोय, सक्तीची झाली ती भारत स्टेज चारबरोबर, २०१० पासून, तीही आधी पुणे, मुंबई, सोलापूर धरून तेरा शहरांत. २००७ च्या गाडीला डायग्नोस्टिक सॉकेट आहे, पण ती कंपनीच्या यंत्राची भाषा बोलते, बाजारातल्या स्वस्त स्कॅनरची नाही. स्कॅनर परत केला.

इंजेक्टरचे सॉकेट मात्र मी स्वतः काढून पाहिले. जुनी मिस्त्री मंडळी प्लगची वायर ओढून बघायची. आताच्या इग्निशनला तसं करू नये: वायरीत हजारो व्होल्ट असतात आणि न जळलेलं पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये जाऊन तो तापतो. इंजेक्टरचा सॉकेट काढला तर त्या सिलिंडरला पेट्रोलच मिळत नाही, भानगड नाही. एक काढला, इंजिन खचलं आणि सगळी गाडी डावीउजवीकडे डोलायला लागली. परत लावला, सरळ झालं. दुसरा, तिसरा, चौथा, प्रत्येक वेळी तसंच. ज्या सिलिंडरचा सॉकेट काढून फरक पडत नाही तो आधीच मेलेला असतो. माझे चारही जिवंत होते. आणि खरं मिसिंग कसं वाटतं हेही पहिल्यांदा अंगानं कळलं. ते डोलणं होतं, जड, सावकाश. मला जे छळत होतं ते बारीक आणि वेगवान होतं.

हा फरक मोजता येईल, हे तिथं बसल्या बसल्या सुचलं. आमच्या प्रयोगशाळेत लंबकाच्या प्रयोगाला मुलं मोबाइलवर फायफॉक्स नावाचं अॅप वापरतात. जर्मनीतल्या आखेनच्या तांत्रिक विद्यापीठात ते तयार झालं, फुकट आहे, आणि मोबाइलमधल्या त्वरणमापकाचं ऐकून कंपनं सेकंदाला किती ते आलेखात दाखवतं. मोबाइल सीटच्या रुळाला दोन्ही बाजूंनी चिकटणाऱ्या टेपनं लावला. सीटवर लावला तर फोम अर्धं गिळून टाकतो.

गणित सोपं आहे. चार सिलिंडरच्या इंजिनात क्रँकच्या, म्हणजे इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याच्या, दोन फेऱ्यांत चार स्फोट, म्हणजे फेरीला दोन. आयडलिंग मिनिटाला ८०० फेऱ्यांचं धरलं तर सेकंदाला १३.३ फेऱ्या आणि २६.७ स्फोट. एकच सिलिंडर चुकत असेल तर चूक दोन फेऱ्यांतून एकदा होते, म्हणजे सेकंदाला ६.७ वेळा. आलेखात शिखर सातच्या अलीकडे आलं तर मिसिंग, सत्तावीसच्या आसपास आलं तर इंजिन आपलं नेहमीचं काम करतंय आणि ते काम माझ्यापर्यंत पोचतंय.

शिखर आलं २६.४ वर. एकच, सुळक्यासारखं. साताच्या आसपास सपाट माळ. २६.४ ला ३० नं गुणलं की ७९२, म्हणजे आयडलिंगही जागेवर. माझ्या गाडीत आरपीएमचा काटा नाही, तो असा फुकटात मिळाला. खात्रीसाठी एका इंजेक्टरचा सॉकेट काढला आणि साडेसहापाशी दुसरं शिखर उभं राहिलं. सॉकेट लावला, ते मावळलं. त्या दिवशी पार्किंगमध्ये मी एकटाच हसत होतो, आणि वॉचमन लांबून बघत होता.

इथे जरा थांबतो, कारण पुढचा भाग मला सगळ्यात आवडला. नवीन फाउंडेशन बसवून थरथर वाढली कशी? इंजिन आणि रबर मिळून एक स्प्रिंगवरचं वजन होतं. त्याची स्वतःची एक झुलण्याची गती असते. हलवणारी गती त्या स्वाभाविक गतीच्या साधारण १.४ पटीच्या वर गेली तरच रबर थरथर अडवतं. त्याच्या खाली ते अडवत नाही, उलट वाढवून देतं. समजा चांगल्या रबरावर इंजिन सेकंदाला १० वेळा झुलणारं आहे. मग १४ च्या वरचं सगळं अडतं, २६ तर आरामात. आता रबर चौपट कडक घातलं. कडकपणा चौपट झाला की झुलण्याची गती दुप्पट होते, २०. तिची १.४ पट म्हणजे २८. माझं आयडलिंग २६.४ वर, म्हणजे बरोबर सापळ्यात. रेस देऊन १५०० केलं की स्फोट सेकंदाला ५० होतात, सापळ्याबाहेर, आणि गाडी गप्प. १० हा आकडा मी उदाहरणाला धरलाय, माझ्या गाडीचा मोजलेला नाही, पण रेस दिली की थरथर जाते हे कोडं यातून सुटलं. जुनं चिरलेलं रबरही शेवटी लोखंडाला लोखंड टेकवून कडकच झालेलं होतं. मी एका कडकपणाच्या जागी दुसरा आणून बसवला होता.

(आमच्या एका सहकाऱ्याची नवी, तीन सिलिंडरची गाडीही उभी असताना थरथरते आणि तो काळजीत असतो. त्याला सांगितलं, तीन सिलिंडरच्या इंजिनाला दोन्ही टोकांनी आळीपाळीनं वरखाली डोलायची जन्मजात खोड असते. ते मिसिंग नव्हे. त्याचा विश्वास बसला नाही, तो प्लग बदलून आला.)

आता कागदावरचं गणित घेऊन कुणाकडे जायचं? उद्यमनगरात एक मामा आहेत. ऑइल इंजिनांच्या कामातून पुढे गाड्यांकडे वळलेले. त्यांना आलेख दाखवला, तर त्यांनी मोबाइल बाजूला ठेवला आणि विचारलं, "सर, फाउंडेशन आवळताना गाडी चालू हुती का बंद?"

"बंद."

"आनि इंजिन हलवून बसवलं का तसंच आवळलं?"

ते मला माहीत नव्हतं. मामांनी लोकल फाउंडेशनच्या रबरावर अंगठ्याचं नख दाबलं. खूण उठली नाही. "ह्यो रबर न्हवं, टायर हाय." मग डिकीतून माझी पिशवी काढायला सांगितली. जुने पार्ट मागून घ्यायचे, ही वडिलांची सवय मी पाळतो, त्यामुळे तिन्ही जुनी फाउंडेशन पिशवीत होती. जुन्या रबरात मुद्दाम ठेवलेल्या पोकळ्या होत्या, त्या बाजूला ते सहज दबावं म्हणून. लोकल भरीव, ठोकळ्यासारखं. आणि डावीकडचं जुनं हातात घेऊन मामा म्हणाले, "हे का काढलं? ह्याला काय झालंय?"

काहीच झालेलं नव्हतं.

त्यांनी चाकांमागे दगड लावले, गिअरबॉक्सखाली लाकडाची फळी ठेवून जॅकनं वजन तोललं आणि तिन्ही फाउंडेशनचे बोल्ट सैल केले. जॅक उतरवून इंजिन दोन्ही हातांनी पुढेमागे हेलावलं. चालू केलं, पाच मिनिटं तसंच आयडलिंगला ठेवलं, इंजिनाला त्याची जागा त्याचं त्याला शोधू दिली. "पीळ निघू दे," एवढंच बोलले. पहिल्यांदा बसवताना मागचं रबर पिळलेल्या अवस्थेत आवळलं गेलं होतं. पिळलेलं रबर आधीच ताणलेलं, ते कडकच वागणार. मग बोल्ट क्रमानं आवळले, मागचा शेवटी.

मी लगेच मोबाइल रुळाला लावला. पहिल्या दिवशीच्या शिखराची उंची १०० धरली तर आता ६० होती. एक पैशाचा पार्ट न बदलता.

दुसऱ्या दिवशी उजवं आणि मागचं ओरिजनल आणलं, डावं जुनंच परत बसवलं, तशाच पद्धतीनं आवळलं. ६० चं ३० झालं. आरसा स्थिर, स्टिअरिंग शांत. मामा हात पुसत होते आणि मी पैसे काढत होतो, तेव्हा आठवण झाली आणि मागच्या सीटवर जाऊन बसलो. पायाखाली अजून गुणगुण होती.

"आई म्हणाली होती, पायाखालनं येतंय."

"मग आधी का न्हाई सांगितलं?" मामा गाडीखाली सरकले आणि दोन मिनिटांत आतून हसायचा आवाज आला. सायलेंसर ज्या रबरी कड्यांवर लटकतो त्यातलं एक कडं तुटून गेलं होतं आणि पाइप मागच्या फ्लोअरखाली बॉडीला टेकला होता. इंजिनाची उरलीसुरली थरथर पाइपमधून सरळ मागच्या सीटच्या पायाशी जात होती. पुढे बसणाऱ्याला ती फारशी कळायची नाही, आणि मी नेहमी पुढे बसतो. रबराचं कडं साठ रुपयांना मिळालं.

हिशेब केला तेव्हा लागणारा खर्च दोन फाउंडेशन, एक कडं आणि मामांची मजुरी एवढाच निघाला. बाकी सगळं अंदाजाचं. थ्रॉटलची सफाई मात्र वाया गेली असं मी म्हणणार नाही, एसीचा गचका तिनंच घालवला. प्लगही अजून बरीच वर्षं चालतील. एसी लावल्यावर शिखर अजून थोडं वर येतं, कॉम्प्रेसरचं ओझं पडतं तेवढं. त्याला मी हात लावलेला नाही.

लोकल फाउंडेशन तिन्ही प्रयोगशाळेत आणून ठेवली आहेत, ट्यूनिंग फोर्कच्या खोक्याशेजारी. शेजारी ते चिरलेलं जुनंही आहे. अनुनादाचा पाठ आला की आधी मुलांना दोन्हींवर नख दाबून बघायला सांगतो. मागच्या आठवड्यात एका मुलीनं विचारलं, "सर, हे एवढं कडक आहे तर जास्त मजबूत नाही का?" मी तिला फळा दिला आणि झुलण्याच्या गतीचं सूत्र लिहायला लावलं. तिनं लिहिलं, कडकपणाच्या जागी चार पट घातलं, आणि मग बराच वेळ त्या २८ कडे बघत उभी राहिली.